आधी उतरणीचा बेत

सर हापूस खायला बसले की साल आणि कोय कुठे टाकायची ते आधी ठरवत, मगच सुरीला हात लावत. पाहुणे हसत. काकू म्हणत, "लग्नात मांडवात शिरायच्या आधी बाहेर पडायची वाट बघून ठेवली होती ह्यांनी." सरांना त्यात विनोद वाटत नसे. मांडवाला एकच दार होतं आणि आचाऱ्यांनी नेमक्या त्याच बाजूला चुली मांडल्या होत्या, हे ते अजूनही तक्रारीच्या सुरात सांगत.

रत्नागिरीच्या ज्या कॉलेजात मी शिकलो तिथे सर रसायनशास्त्र शिकवायचे. मी संगमेश्वरच्या आतल्या अंगाच्या एका गावातून आलेलो. वडील मुंबईला एका कॅन्टीनमध्ये कामाला, आई गावी भाताची शेती बघायची. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. पहिल्या सत्रात सगळं इंग्रजीतून चाललेलं, माझ्या डोक्यावरून जात होतं आणि दिवाळीला गावी गेलो की परत यायचं नाही असं मी मनाशी ठरवलं होतं. त्या दिवसांत एकदा प्रयोगशाळेत मी ॲसिडची बाटली उचलली, तेव्हा सर मागे येऊन उभे राहिले. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते अहो-जाहो करत.

"सांडलं तर काय कराल?"

मी म्हटलं, "नाही सांडणार, सर."

"हे उत्तर नव्हे. हा नवस झाला. उत्तर सांगा."

त्यांनी बाटली खाली ठेवायला लावली आणि पाणी कुठे, सोडा कुठे, नळ कुठे, दार कुठे, कुणाला हाक मारायची, हे सगळं मराठीत, न चिडता समजावलं. मग म्हणाले, "आता ओता." मी दिवाळीनंतर परत आलो तो त्या एका तासामुळे. आज लोट्याच्या एका केमिकल कारखान्यात मी सुरक्षेचं काम बघतो. नव्या कामगाराला पहिल्या दिवशी मी तोच प्रश्न विचारतो आणि तोही तेच उत्तर देतो.

सरांच्या बाहेरच्या खोलीत भिंतभर सह्याद्रीचा नकाशा लावलेला होता. त्यावर पेन्सिलीच्या इतक्या रेघा आणि खुणा होत्या, की भाडं विचारायला आलेल्या एका गृहस्थांनी काकूंना हळूच विचारलं होतं, जमिनीची केस चाललीय काय? ती केस नव्हती, पण केससारखीच वर्षानुवर्षं चालली होती. खेड तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराच्या अगदी पायथ्याशी असलेल्या एका गावातून निघायचं. पूर्वी मीठ आणि सुकी मासळी घेऊन बैल ज्या वाटेने देशावर जात, त्या मोडलेल्या वाटेने घाटमाथा गाठायचा. माथ्यावरच्या जंगलातून कड्याच्या कडेने दक्षिणेकडे जायचं आणि कड्यातल्या एका अरुंद घळीतून, तिकडे तिला नाळ म्हणतात, पलीकडच्या गावात उतरायचं. वर मुक्काम करायला वनखात्याची परवानगी नाही, म्हणून सगळं एका दिवसात.

तरुणपणी सर त्या बैलवाटेने चढले होते आणि त्याच वाटेने उतरले होते. वरून त्यांनी दक्षिणेकडे गेलेली कड्याची धार पाहिली होती. ती चालून जाणं राहिलं होतं. ते त्याबद्दल कधी मोठमोठे शब्द वापरत नसत. "एक काम राहिलंय," एवढंच म्हणत.

त्यांचा बेत उतरणीपासून सुरू व्हायचा. काळोख पडायच्या आत नाळेच्या तळाशी पोचायचं, तर नाळेच्या तोंडाशी कधी पोचलं पाहिजे? तिथे तेव्हा पोचायचं, तर माथ्यावरच्या कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाक्यापासून कधी निघालं पाहिजे? असं मागे मागे येत ते पहाटेच्या चहापर्यंत येत. जिथून परत फिरायचं ती जागा आणि ती वेळ घरी बसून ठरलेली. तिथे पोचल्यावर कुणाचं मत घ्यायचं नाही. "दमलेल्या माणसाला मत नसतं," ते म्हणत, "त्याला नुसती हौस असते."

हंगामाचाही घोळ होता. दिवाळीनंतर लगेच जावं, तर टाक्यात पाणी असतं पण दिवस लहान. शिमग्याच्या सुमाराला दिवस मोठा, पण पाणी आटलेलं आणि नाळेतली वाळकी पानं पायाखाली सरकणारी. सरांनी मधला एक पंधरवडा शोधून काढला होता. त्या पंधरवड्यात दरवर्षी काहीतरी निघायचं. एकदा परीक्षेची ड्युटी, एकदा काकूंचं ऑपरेशन, एकदा वाटाड्याच्या घरी लग्न. एकदा सगळं जमलं होतं आणि अवकाळी पाऊस पडला. ऊन पडलेलं असतानाही सरांनी बेत रद्द केला, कारण नाळ वाळायला दोन दिवस लागतात. स्टाफरूममध्ये त्यांची थट्टा चाले. फिजिक्सचे एक प्राध्यापक दरवर्षी विचारायचे, "काय सर, डोंगर झिजायची वाट बघताय काय?"

दर रविवारी सर आम्हा तीन-चार विद्यार्थ्यांना सड्यावर न्यायचे. जांभ्याचा उघडा कातळ, झाड नाही, सावली नाही. पाठीवरच्या पिशवीत वाळू. निघण्याआधी ते प्रत्येकाच्या डोक्याचा वास घ्यायचे. वासाचं तेल लावलेलं असेल तर त्याला घरी पाठवायचे, कारण त्या कड्यावर वासाने उठणारी आग्या मोहोळं होती. आमच्यातला एकजण एकदा म्हणाला, "सर, सड्यावर कुठे आलीयत मोहोळं?" सर म्हणाले, "सड्यावर नाहीत, पण सवय इथेच लागते." त्याला परत जावंच लागलं. परतल्यावर काकू आम्हाला गरम भात आणि कुळथाचं पिठलं वाढायच्या. आईच्या हातचं जेवण सोडून आलेल्या मला त्या पानावर बसल्यावर काय वाटायचं, ते लिहिता येणार नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या ह्या सगळ्या हिशेबी वागण्यात बसत नव्हती. पायथ्याच्या गावातून वर जाणारी वाट देवराईतून जाते. कुणीही डोंगरावर जाण्याआधी देवाचा कौल घ्यायचा, अशी गावाची रीत आहे. गुरव गाऱ्हाणं घालतो, देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवीकडची आधी पडली तर जा, डावीकडची पडली तर जाऊ नका. तरुणपणी सर तिथे गेले, तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना आपल्या ताटात जेवायला घातलं होतं आणि कौल घेतल्याशिवाय वर जाणार नाही, असा शब्द त्यांच्याकडून घेतला होता. सर देवभोळे नव्हते. घरात गणपती बसायचा, पण आरतीला ते टाळ वाजवायचे आणि तोंड बंद ठेवायचे. मी एकदा विचारलं, "सर, तुमचा विश्वास आहे कौलावर?"

"पाकळीवर नाही," ते म्हणाले. "पण वाट त्यांच्या अंगणातून जाते. दार वाजवायला नको?"

सर निवृत्त झाले. पुढे त्यांच्या हृदयात एक स्टेंट बसवावी लागली. आम्हाला वाटलं, संपलं. सर मात्र डॉक्टरांकडे नकाशा घेऊन गेले. चढ किती, कुठे बसायचं, किती वजन, सगळं दाखवलं. डॉक्टरांनी त्यांना सरकत्या पट्ट्यावर चालवून तपासलं. वर्षभराने पुन्हा तपासलं आणि सांगितलं, हळू चालणार असाल तर हरकत नाही. सरांनी सगळा बेत 'हळू' धरून नव्याने बांधला. निघायची वेळ आणखी अलीकडे आणली. काही झालं तर उचलून आणण्यासाठी दोन्ही गावांत चार-चार माणसं सांगून ठेवली आणि डोलीसाठी बांबू नि घोंगडी वाटाड्याच्या घरी नेऊन ठेवली. मरायचं झालं तर कुठून खाली आणायचं, हेही त्या माणसाने ठरवलं होतं.

त्यांचा मुलगा पुण्याला असतो, कम्प्युटरवर काम करतो. मॅरेथॉन पळणारा, उत्साही, चांगला मुलगा. मी हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं ते वाईट माणसाने केलेलं नाही. त्याने बापाला म्हटलं, "बाबा, यंदा जाऊया. मी येतो, माझा मित्र येतो. जुना विद्यार्थी आहेच." जुना विद्यार्थी म्हणजे मी. सरांनी माझ्यावर शेवटच्या माणसाचं काम सोपवलं. रांगेत सगळ्यांच्या मागे चालायचं आणि माझ्यामागे कुणीही राहायचं नाही.

त्या पहाटे आम्ही देवळात उभे होतो. सरांनी जुनी खाकी पँट घातली होती आणि पायांत वर्षभर सड्यावर वापरून मऊ केलेले बूट होते. गुरव म्हातारा. त्याचा मुलगा आमचा वाटाड्या, चाळिशीतला, मिशीवाला. वर जाणाऱ्या सगळ्यांसाठी मिळून एकच कौल घेतात, असं सर सांगायचे. त्या दिवशी गुरवाने एकेकाचं नाव विचारलं आणि एकेकासाठी पाकळ्या लावल्या. मुलाला उजवा. त्याच्या मित्राला उजवा. मला उजवा. सरांच्या वेळी डावीकडची पाकळी लावताक्षणीच खाली आली.

गुरव खाली बघत म्हणाला, "मास्तरांनू, देव नको म्हणताय. तुमी ऱ्हावा."

मी सरांकडे पाहिलं. आयुष्यभर बांधलेला बेत त्यांच्यासमोर उभा होता आणि आड आली होती ती एक ओली पाकळी, जिच्यावर त्यांचा विश्वास नव्हता. ते नाही म्हणू शकले असते. गुरवाने त्यांना अडवलं नसतं. सरांनी पाठीवरची पिशवी काढून माझ्याकडे दिली.

मी म्हटलं, "सर, मी थांबतो तुमच्याबरोबर."

"तुम्ही थांबलात तर शेवटचा माणूस कोण? जा. मी गाडीने पलीकडच्या गावात येऊन थांबतो."

आम्ही गेलो. डोंगराचं वर्णन मी करणार नाही. ते करायचा हक्क ज्याचा होता तो खाली होता. एवढंच सांगतो, की बेत जसाच्या तसा उतरला. सर म्हणाले होते तिथे पाणी होतं, म्हणाले होते तिथे मोहोळं होती, आणि सगळ्या वेळा सरांच्या 'हळू' चालीच्या धरलेल्या असल्यामुळे आम्ही प्रत्येक ठिकाणी वेळेआधी पोचत होतो. सर आमच्याबरोबर आरामात आले असते. ते मला प्रत्येक टप्प्यावर दिसत होतं.

टाक्यापाशी भाकरी खायला बसलो. मुलगा आणि त्याचा मित्र कड्यावर फोटो काढायला गेले, तेव्हा वाटाड्या माझ्याजवळ सरकला.

"एक सांगू काय? ह्या दादानी माझ्या बापाशीला परवा फोन केलान. सांगितलान, वडलांना वर सोडू नका, काय ते तुमी बघा. बाबा नाय म्हणत व्हता. मग ह्याच्या आईनं पण फोन केलान, रडत. बाबानी डावी पाकळी कोरडीच लावलान. रातभर निजला नाय तो. आज देवाला नारळ देऊन माफी मागेल."

मुलगा परत आला तेव्हा मी त्याला विचारलं. तो खोटं बोलला नाही. म्हणाला, "सरळ सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं असतं का? त्यांचा हट्ट तुला माहितीय. इथे वर काही झालं असतं तर?"

मी म्हटलं, "त्याचाही बेत होता त्यांच्याकडे."

"बेत, बेत," तो म्हणाला. "तुझे ते सर आहेत. माझा तो बाप आहे." मग जरा नरम होऊन म्हणाला, "आत्ता खाली काही बोलू नकोस. मी सांगेन त्यांना, नीट, घरी गेल्यावर."

हे काम मुलाचंच होतं. मी मान हलवली.

उजेड असतानाच आम्ही नाळेतून खाली आलो. सर गावाच्या वेशीवर दगडावर बसलेले होते, बाजूला चहाची किटली आणि डोलीसाठी सांगितलेली चार माणसं, तीही बसलेली. सरांनी आधी माणसं मोजली. मग मला एकेक विचारत गेले. टाक्यात पाणी किती होतं? धारेवर वाट मोडलीय का? नाळेतला मोठा दगड डावीकडून उतरलात की उजवीकडून? मी सांगत होतो आणि ते लहान मुलासारखे माझ्या तोंडाकडे बघत होते. मधेच म्हणाले, "म्हणजे उतरतं सगळं." दुसऱ्या दिवशी मुलाने कड्यावरचे फोटो इंटरनेटवर टाकले आणि वर लिहिलं, बाबांचं स्वप्न आम्ही पूर्ण केलं. शेकडो लोकांनी लाइकचे अंगठे दिले. सरांना फोनवर ते दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "छान."

त्यानंतर कारखान्यातली वार्षिक दुरुस्ती आली, माझ्या पाळ्या बदलल्या आणि रत्नागिरीला जाणं झालं नाही. फोनवर सर बरे आहोत म्हणायचे. गणपतीत गेलो तेव्हा दारातच थबकलो. सर खुर्चीत बसले होते, अंग सुटलेलं, गुडघ्याला पट्टा. सड्यावर जाणं त्यांनी डोंगरावरून आल्यापासून बंद केलं होतं. पुढे बाजारात जाणं बंद केलं, मग फाटकापर्यंत जाणं. भिंतीवर नकाशा होता तसाच होता, फक्त त्यावर नव्या रेघा दिसत होत्या.

"बसा," ते म्हणाले. "मी शोधतोय. अजून सापडलं नाही."

"काय, सर?"

"चूक. गुरवाने यंदा वेगवेगळं विचारलं, लक्षात आलं तुमच्या? असं तो कधी करत नाही. त्याने माझं चालणं पाहिलं असणार, देवळाच्या पायऱ्या चढताना. ती माणसं जन्मभर डोंगर चढणारी माणसं बघतात. त्याला काहीतरी दिसलं. चाल असेल, श्वास असेल. मला ते दिसलं नाही, डॉक्टरला दिसलं नाही. म्हणजे माझ्या बेतात कुठेतरी भोक होतं. मग मी विचार केला, सड्यावर तरी कशाच्या जोरावर जायचं?"

म्हणजे मुलाने सांगितलं नव्हतं. ज्या माणसाचा देवावर विश्वास नव्हता, त्याने माणसावर विश्वास ठेवला होता. जो शब्द त्याने म्हाताऱ्यांना दिला होता, त्याच शब्दाने त्याला बांधून खुर्चीत बसवलं होतं. आणि पुण्याला मुलगा मित्रांना सांगत होता, की बाबांना आम्ही वाचवलं.

मी सगळं सांगितलं. फोन, कोरडी पाकळी, नारळ. काकू आत मोदकांची उकड काढत होत्या आणि भांड्यांचा आवाज येत होता. मी बोलायला लागल्यावर तो थांबला.

माझं संपल्यावर सरांनी विचारलं, "म्हणजे चालीत काही नव्हतं?"

"काही नव्हतं, सर. तुम्ही आमच्यापुढे चालला असतात."

त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकले आणि उठायचा प्रयत्न केला. गुडघा वळला नाही. मी हात पुढे केला. तो त्यांनी घेतला नाही. परत बसले.

"चूक शोधण्यात बरा वेळ जात होता," ते म्हणाले. "आता हे पाय घेऊन काय करू?"

काकू दारात आल्या होत्या. हाताला तांदळाचं पीठ लागलेलं. सरांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं, काही न विचारता. काकूंनी पदराने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. म्हणाल्या, "काळजी वाटत होती हो आम्हाला."

"मलाही वाटत होती," सर म्हणाले. "म्हणून तर बेत केला होता."